तेल्हाऱ्याचा डावा फेर

तेल्हाऱ्याच्या मंडळींनो, मी गाव सोडला त्या दिवशी कापसाच्या अकरा गाड्या नाल्याकडे एकामागे एक निघाल्या होत्या आणि सातव्या गाडीच्या बोऱ्यांवर मी बसलो होतो. इतका उंच, की शेजारून चालणाऱ्या बाचं मला फक्त मुंडासं दिसत होतं. पाण्याशी गाडी थांबली तेव्हा तो मान वर करून म्हणाला, "रुमालाखाली हात घालून बोलते त्या माणसावर भरोसा ठेवू नोको." आईनं घरीच सांगून ठेवलं होतं, "लोकाच्या घरचं पाणी पेताना आंधी वास घेजो."

कासम पिंजारी तेवढ्यात धावत आला. त्याच्या भुवयांना नेहमीसारखी रुई चिकटलेली होती. त्याच्या वडिलांनी, म्हणजे रहीमचाचांनी, आम्हा दोघांना एकाच वेळी टिपऱ्या शिकवल्या, आणि गावच्या फेरात मी आणि कासम जोडीनं उभे राहायचो. तो गाडीच्या चाकाला हात लावून म्हणाला, "जाय नामा. पण तिथं मोठा झाला तर आमालेई बोलाव." मी हो म्हणालो. तेव्हा मी कशालाही हो म्हणालो असतो.

मी का गेलो, ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या बाजाराला पंचांग विकणारा एक माणूस यायचा. पंचांगांच्या खाली तो शिळाछापाच्या चोपड्या दडवून आणायचा. बालविवाहावर, शकुन-अपशकुनांवर, भटांच्या लबाडीवर, सावकारांच्या लबाडीवर. मी त्या वाचूनच वाढलो. त्या चोपड्यांनी मला चांगलं मराठी दिलं, अंगात आग दिली, आणि एक खोडही दिली. समोर जे दिसतं त्यामागे कोणाचा तरी डाव असणार आणि तो शोधून काढणं हेच शहाण्याचं काम, अशी माझी समजूत झाली.

अमरावतीत ही खोड फोफावली. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी असा भाव आला, की काल गाडी हाकणारा आज शिंगांना चांदीच्या टोप्या घातलेले बैल मिरवू लागला. परकोटाच्या आत चालायला जागा नसायची. बाजारात दोन दलाल समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि आत बोटं दाबून सौदा करत. चेहरे दगडाचे. बोटं काय बोलली ते तिसऱ्याला कळायचं नाही. मला वाटलं, सारं शहरच असं रुमालाखाली आहे. दूधवाला हसला की मी दुधात बोट बुडवून पाहायचो. खोलीच्या मालकीणबाईंनी सणाची पुरणपोळी पाठवली, तर ती खाण्याआधी मी दोन घटका विचार केला, ही बाई माझ्याकडून काय लिहून घेणार आहे.

आबाजी पाटलांकडे मला काम मिळालं. ते मूळचे चांदूर बाजारचे. कापसाबरोबर अमरावतीत आले आणि अडत घालून बसले. त्यांच्या मुलांना शिकवायचं आणि त्यांची पत्रं लिहायची, असं माझं काम. फावल्या वेळात मी सोळा पानांची चोपडी लिहून छापून घेतली. लग्नात नायकिणीचा नाच ठेवण्याची चाल कशी लाजिरवाणी आहे, हा विषय. त्यात शकुनांवरही दोन पानं होती, जरा झणझणीतच.

एके दिवशी आबाजी ती चोपडी हातात घेऊन आले. त्यांच्या मुलीचं लग्न अकोल्याच्या एका घरात ठरलं होतं.

"मास्तर, हे तुमचंच लिवणं न?"

"हो."

"पटलं मले. नाच नाही ठेवत. पण वऱ्हाडी मंडळी चार दिवस राहतीन. त्यायनं काय कराव? तुमची चोपडी वाचत बसाव?"

मी म्हणालो, टिपऱ्या खेळाव्यात. स्वच्छ खेळ आहे, पुरुषांनी पुरुषांशी खेळायचा, कोणाची बेअब्रू नाही. आबाजींचा चेहरा खुलला. "लहानपणी खेळो आमी. मंग तुमीच शिकवा. लग्नाच्या आंधी येतीन ते पाव्हणे तयार करा."

मी दोन दिवस डाव शोधला. यांना व्याह्यांपुढे मिरवायचं असेल. नाचाचा खर्च वाचवायचा असेल. म्हाताऱ्या माणसाला लहानपणचा खेळ पुन्हा पाहावासा वाटला असेल, ही साधी गोष्ट मला सुचलीच नाही.

शिकवायला मला जोडीदार हवा होता. मी कासमला निरोप धाडला. त्याचं तेव्हा तिकडे काय चाललं होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. वेचलेला कापूस जागेवरून गाडीत आणि गाडीतून मुंबईला. एका गादीपुरती रुईसुद्धा कोणी घरात ठेवीना. पिंजायला काही नव्हतं. मी आबाजींकडे शब्द टाकला, आणि ते म्हणाले, लग्न नीट पार पडू द्या, मग या पिंजाऱ्याला आवारातच बसू द्या. पाहुण्यांच्या गाद्या, घरच्या रजया, शेजारपाजारचं काम. एक कोपरा त्याचा. कासम अमरावतीत आल्यावर मी त्याला ते सांगितलं तेव्हा तो आवारात जाऊन कोपरा पाहून आला. पिंजणाची कमान कुठे टांगायची, तेही त्यानं ठरवलं. बायकोला दिवाळीनंतर आणीन म्हणाला.

आता शिकवणं ऐका, तुम्हाला हसू येईल. उन्हं कलली की आवारातल्या कापसाच्या गठाणी बाजूला सारायच्या आणि मांडवाच्या मेढीभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, दोन फेर करायचे. आतल्या फेरानं बाहेर तोंड करायचं, बाहेरच्यानं आत, म्हणजे प्रत्येकासमोर एक जोडीदार. चार ठोके त्याच्या टिपऱ्यांवर, पहिला ठोका डाव्या हातानं. मग म्होरक्यानं "पलट" म्हणायचं, की बाहेरच्यानं एक पाऊल उजवीकडे सरकून पुढच्या माणसासमोर यायचं. आतला जागचा हलत नाही. आपल्या गावात पोरंसुद्धा हे खेळतात. पण हे सारे अडते, दलाल, मालगुजार! पोट सावरावं की धोतर, यातच त्यांचे चार ठोके निघून जायचे.

खरी अडचण दुसरीच होती. टिपरी खेळताना आपली बोटं समोरच्याच्या भरवशावर सोडावी लागतात, आणि त्यातला एकही माणूस समोरच्याला बोटं द्यायला तयार नव्हता. ठोका आला की प्रत्येक जण हात मागे घ्यायचा.

"अबे शेठ, मारून नाही राह्यलो मी तुले!" एक दलाल ओरडायचा.

"तुहा काय भरोसा? गेल्या हंगामात मारलंच होतं!" दुसरा म्हणायचा, आणि सारं आवार हसायचं.

कासमनं त्यांना वठणीवर आणलं. "शेठजी, टिपरीकडे पाहू नका. डोयात पाहा. डोये कुठं जाते तिथंच टिपरी जाते." दलालांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. ते लाजले, आणि मग हळूहळू पाहू लागले. कासम तोंडानं पिंजणाच्या कमानीचा आवाज काढायचा आणि त्या घुमण्यावर पावलं पडायची. आठव्या दिवशी ठोके एकसारखे वाजू लागले. आबाजी ओट्यावर बसून मांडीवर ताल धरायचे.

आबाजींचे मुनीमजी मात्र कासमसमोर आले की दर वेळी पागोटं सुटल्याचं निमित्त करून फेराबाहेर पडायचे. ते मी हेरून ठेवलं होतं. यावर एक चोपडी लिहायची, असं मनात योजलंही होतं. कासमच्या ते लक्षात आलं होतं की नाही, हे मी त्याला विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाचे थोरले काका अकोल्याहून आले. पांढऱ्या मिशांचे, ताठ. सगळे त्यांना काकाजी म्हणत. आबाजींनी मोठ्या हौसेनं त्यांना ओट्यावर बसवलं आणि फेर सुरू झाला. चार पलट्या झाल्या असतील. काकाजी उठून उभे राहिले.

"थांबवा. हा फेर उलटा कावून फिरून राह्यला?"

टिपऱ्या थांबल्या.

"मेढ डावी घालून फिरून राह्यले तुमी! देवाले, मेढीले उजवी घालतात. डावी मढ्याले घालतात. लग्नघर हाय का काय हाय हे?"

सगळ्यांनी मेढीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. मीही पाहिलं. आणि मंडळींनो, खरं सांगतो, उभ्या जन्मात पहिल्यांदा मला दिसलं, की आपला फेर उलटा फिरतो. बाहेरचा माणूस उजवीकडे सरकतो तेव्हा मेढ त्याच्या डाव्या हाताला राहते. मी लहानपणापासून तसाच सरकत आलो होतो.

बायका ओट्याच्या दाराशी जमल्या. मुनीमजी मोठ्यानं म्हणाले, "हे मुद्दाम केलेलं दिसते." आबाजी माझ्याकडे पाहत होते.

त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं, ते माझ्याच चोपडीच्या अकराव्या पानावर छापलेलं होतं. उजवं शुभ आणि डावं अशुभ ही मनाची भीती आहे, दुसरं काही नाही. शब्दन् शब्द पाठ होता. मी तो उच्चारला नाही. मी कासमकडे वळलो. त्याचा चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाचाच मला संशय आला. याला हे नवं नाही. याला ठाऊक होतं. मग आठ दिवस हा गप्प का राहिला? मला या लोकांपुढे तोंडघशी पाडायला? मी गाव सोडला त्याचा राग म्हणून? आणि मी भर आवारात, साऱ्या पाहुण्यांच्या देखत विचारलं,

"कासम, तुले मालूम होतं न? मंग सांगतलं कावून नाही?"

त्यानं दोन्ही टिपऱ्या एका हातात घेतल्या. मग म्हणाला, "हाव, मालूम होतं. अब्बा डावखुरे होते. त्यायच्या हातानं फेर असाच फिरे. साऱ्या गावाले मालूम हाय नामा. तुले नोयतं?"

मी डाव शोधत होतो आणि निघाला तो एका म्हाताऱ्याचा डावा हात. पण आवारानं यातलं एवढंच ऐकलं, की पिंजाऱ्याला माहीत होतं आणि तो बोलला नाही. "पाहा," मुनीमजी म्हणाले. बस, एवढंच म्हणाले.

उद्या लग्न. तीस माणसांना पावलं नव्यानं शिकवायला वेळ नव्हता. आबाजी म्हणाले, राहू द्या, टिपऱ्या नकोच. तेव्हा कासम मेढीपाशी गेला. थोडा वेळ त्यानं तिथे उभं राहून फेराकडे पाहिलं, एक पाऊल सरकून पाहिलं, तोंड फिरवून पुन्हा सरकून पाहिलं. मग म्हणाला, "बाहेरचे आत या, आतले बाहेर जा. हात तेच, पाय तेच. काही बदलवू नका."

जे आजवर बाहेरून उजवीकडे सरकत होते, ते आता मेढीकडे पाठ करून आत उभे राहिले आणि पलट म्हणताच तसेच उजवीकडे सरकले. आणि फेर सुलटा फिरला. मेढ उजवी. काकाजींनी दोनदा पाहून खात्री केली, मिशीवरून हात फिरवला आणि खाली बसले. "मास्तर, डोकं चालवलं बरं!" कोणीतरी मलाच म्हणालं. मी नाही म्हणालो, कासमकडे बोट दाखवलं. पण तेव्हा बोट दाखवून काय उपयोग? एकदा ते मी नको तिथे दाखवून बसलो होतो.

लग्नात फेर असा रंगला की अकोलेकरांनी तोंडात बोटं घातली. काकाजी स्वतः उतरले. मुनीमजींचं पागोटं त्या दिवशीही सुटलं.

पाहुणे पांगल्यावर मी आबाजींना कोपऱ्याची आठवण दिली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना बोलायलाच जड जात होतं.

"मास्तर, घरच्या बायका नाही म्हणतात. पोरगी आता सासरी गेली, तिथं काही उणं-दुणं झालं का यायले हेच आठवन. ज्याले मालूम होतं आन् जो बोलला नाही, त्याले घरात कसा बसवू?"

"तो लबाड नाही, आबाजी."

"मी कुठं म्हणतो? पण इचारलं त तुमीच होतं न भाऊ. आमाले थोडंच सुचलं असतं."

मी त्यांची नोकरी सोडली. ते मोठं तत्त्वाचं काम केलं असं मला त्या दिवशी वाटलं. कासमला त्यानं कोपरा मिळाला नाही.

कासम अकोल्याच्या परतणाऱ्या गाड्यांबरोबर निघाला. मी वेशीपर्यंत गेलो. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "इचारलं ते ठीकच इचारलं," तो म्हणाला. "फक्त आंधी मले एकट्याले इचारा लागत होतं. मंग लोकायसमोर."

त्या उन्हाळ्यात मी गावी आलो होतो, आठवत असेल. बाला विचारलं, आपला फेर उलटा आहे हे तुला ठाऊक होतं का? तो दोरी वळत होता. हातातलं काम न थांबवता म्हणाला, "हाव. पयले आमी सुलटंच खेळो. मंग रहीमभाई म्होरक्या झाला. ताल त्याच्यासारखा कोणाजवळ नोयता, पण हात डावा. दोन दिवस नुसती आपटाआपट. बोटं फुटली लोकायची. मंग ठरलं, का त्या एकट्याले बदलाले लावण्यापरीस आपुनच बदलून जाऊ."

"आणि ते गेल्यावर? पुन्हा सुलटा का नाही केला?"

"काहून? कोणाले दुखत होतं?"

मी एवढ्या चोपड्या वाचल्या, पण अशी गोष्ट कुठल्याही चोपडीत वाचली नाही. आणि ज्यांनी ती केली त्यांनी माझ्यासारख्या वाचणाऱ्या पोराला ती सांगण्यासारखी आहे असंही कधी मानलं नाही.

कासम आता अकोल्यात पिंजतो. जिथे आगगाडीचे रूळ घालायचं काम चाललं आहे, तिथल्या कामकऱ्यांच्या गोधड्या आणि गाद्या. गेल्या थंडीत मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं पाणी दिलं. मी वास न घेता प्यालो. तो मोहल्ल्यातल्या लोकांना सणाला टिपऱ्या शिकवतो, असं ऐकलं होतं. मी विचारलं, फेर कसा फिरवतोस? "सुलटा," तो म्हणाला. "पयला ठोका उजवा. नवा गाव हाय नामा. इथं कोणाले अब्बाचा हात सांगतला नाही मीनं." आणि त्यानं पिंजायचा लाकडी दांडा उचलून कमानीच्या तातीवर मारला, म्हणजे पुढे बोलायची सोय राहिली नाही.

हे आज लिहायचं कारण असं. मला कळलं, की येत्या अष्टमीला तेल्हाऱ्याचा फेर सुलटा करायचं तुमच्यात घाटतं आहे. अमरावतीच्या लग्नाची हकीकत तिकडे पोहोचली, आणि शिकलेली चार मंडळी माझा दाखला देतात म्हणे: नामा मास्तरनंच भर सभेत विचारलं होतं, आपलंच चुकतं. तर मी भर आवारात विचारलं होतं, म्हणून आता उघड छापून सांगतो. चूक फेरात नव्हती, माझ्या विचारण्यात होती. बापू गुरुजींनी हा कागद चावडीवर मोठ्यानं वाचावा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकू येईल. जमलं तर पिंजारी आळीतही वाचावा. कासमची आई अजून तिथे राहते.

अमरावतीत माझं बरं चाललं आहे. परकोटाच्या आत खोली आहे, छापखान्यात काम आहे, मालकीणबाई पोळी पाठवतात आणि मी ती गरम असतानाच खातो. रुमालाखालच्या बोटांची भाषासुद्धा मला थोडीफार कळू लागली आहे. या शहराला मी आता माझं म्हणतो. पण घर कुठे, असं कोणी विचारलं, तर माझ्या मनात तोच गाव येतो, ज्यानं एका माणसाच्या डाव्या हातासाठी आपलं पाऊल बदललं आणि त्याला ते जाणवूही दिलं नाही. कासमचं आणि माझं घर तेवढंच उरलं आहे. तो उजव्या हातानं वाजवतो, मी शाईत हात घालून बसतो, आणि आमचा फेर तुमच्याकडे ठेवलेला आहे. तो सुलटा करू नका.

अष्टमीला मी येतो आहे. अकोल्यावरून येईन, कासमला सोबत चल म्हणेन. तो येईल असं मी धरून चाललो नाही. मी एकटा आलो तरी मला बाहेरच्या फेरात उभं करा.